सवतीच्या भेटीला

त्या घुमटाला ती सवत म्हणायची. नवरा दगडकाम करणारा. जगभरातून माणसं बघायला येतात अशा त्या जुन्या वास्तूच्या डागडुजीवर त्याची उभी हयात गेली. सकाळी डबा हातात देताना ती विचारायची, "निघालात सवतीकडे?"

"म्हातारी आहे गं ती. तिच्यावर काय जळतेस?" तो हसायचा. संध्याकाळी परतायचा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा, भुवयांपर्यंत पांढरा होऊन.

"घुमटाभोवतीची बांबूंची परांची उतरली की तुला नेईन," तो म्हणायचा. "अगदी पहाटे. गर्दी व्हायच्या आत."

पण परांची उतरायच्या आधीच दगडाच्या भुकटीनं त्याची छाती भरली. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून उशांना टेकून बसूनच झोपायचा. तसाच, बसल्या बसल्या गेला.

वास्तू पुन्हा खुली झाली तेव्हा त्याच्या मुकादमानं निरोप धाडला. सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्या म्हणाल्या, "तू जाऊन ये. नीट बघ आणि मला सांग." दवाखान्याच्या धुलाईखान्यातली पाळी बदलून घेऊन ती उजाडायच्या आत निघाली. मुकादम फाटकापाशी थांबलाच होता.

आत शिरली आणि तिचे पाय जागीच थबकले. कोवळ्या उन्हात घुमट नुकताच न्हाऊन आल्यासारखा उभा होता. कुठे डाग नाही, तडा नाही. अभिमान वाटेल असं वाटलं होतं तिला. आला तो नुसता राग. नवरा गेला, आणि ह्या घुमटाला काही म्हणता काही धाड भरली नव्हती.

"वहिनी, ही कमान," मुकादम हळूच म्हणाला. "पाकळी न् पाकळी त्याच्या हातची."

तिनं पाकळीवर बोटं टेकली, तोच शिट्टी वाजली.

"ओ बाई! हात लावायचा नाही!"

"अरे, हिच्या नवऱ्यानं..." मुकादम रखवालदाराच्या अंगावरच गेला. तिनं त्याची बाही ओढली.

"राहू द्या, भाऊजी. त्याचं कामच आहे ते."

तेवढ्यात एक नवं जोडपं आलं. "ताई, आमचा फोटो काढता?"

तिनं मोबाइल घेतला. "जरा डावीकडे सरका," ती म्हणाली. मागची कमान अख्खी यायला हवी होती.

"हललाय हो," मुलगी लाडानं म्हणाली. "परत काढा ना."

तिनं परत काढला. जोडपं खुशीत निघून गेलं आणि ती कमानीच्या पायाशी बसली. तो गेल्यापासून ती रडली नव्हती. आता रडू आवरेना. मुकादम तिच्याकडे पाठ करून, लोकांची नजर अडवत उभा राहिला.

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. "कसं झालंय गं काम?"

"फार सुंदर, आई."

"आणि त्याचं कुठलं, ते कळलं?"

ती कमानीचं सांगायला लागली, पाकळ्यांपर्यंत आली आणि तिनं सासूबाईंचा हात धरला. "मला ते परत हवेत हो, आई."

"मलाही गं," म्हातारी म्हणाली, आणि तिला जवळ ओढून घेतलं.