चौथी दांडी

मंगळवारी सकाळी माझे पती गेले. गुरुवारी नाटक होतं, ते झालं नाही.

आमच्या आळीच्या नाटकांना प्रकाशयोजना त्यांची असे. त्यांचा बोर्ड म्हणजे बारा दांड्यांची पेटी. दांडी वर सरकवली की रंगमंचावरचा तिचा दिवा हळूहळू उजळतो. ते तिला फेडर म्हणत. चौथा फेडर पुढच्या मधल्या दिव्याचा. त्यावर त्यांचं बोट सतत असायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाची हत्यारं पुजतात. त्या वर्षी सण नव्हता. तरी मी कोयता, शिवणयंत्र आणि बोर्ड पाटावर मांडला. कुंकवाचा करंडा त्यांच्यानंतर पहिल्यांदाच उघडला. चौथ्या दांडीवर हळदकुंकू वाहिलं, वर पाणी शिंपडलं. ते दरवर्षी फक्त पेटीच्या झाकणाला हळदकुंकवाचं बोट लावायचे. का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर नाटक बसवणारे त्यांचे एक मित्र बोर्ड तालमीला घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परत घेऊन आले.

"वहिनी, चार नंबर अर्ध्यावर गेला की दिवा फडफडतो. मंडळ म्हणतंय, नवा कॉम्प्युटरवाला बोर्ड भाड्याने आणू. हा मग भंगारात जाईल."

"मला बघू द्या."

"तुम्ही? तो असता तर तुम्हाला हात लावू दिला नसता."

"म्हणूनच आता लावते."

ते हसले नाहीत. पलीकडे खुर्ची ओढून बसले.

बिघाड शोधताना माझे पती आधी बल्ब बदलत, मग वायर, आणि बोर्ड सगळ्यात शेवटी उघडत. मी तसंच केलं. बल्ब बदलला, फडफड तशीच. मग तोच दिवा पाचव्या फेडरला जोडला. तो शांत उजळला. दुसरा दिवा चौथ्याला जोडला, तर तो फडफडू लागला. दोष दांडीतच होता.

पेटीचे स्क्रू काढले. दांडीखाली काळी पट्टी असते, तिच्यावरून धातूची जीभ फिरते. पट्टीवर लाल कण वाळून घट्ट बसले होते. साफ करायचा स्प्रे मारून, कापसाने पुसून ते निघाले. पण तालमीचे दोन दिवस दांडी त्यांच्यावरून फिरली होती, आणि बरोबर मध्यावर पट्टी खरवडली गेली होती. मीटर लावून दांडी सरकवली. आकडा नीट चढत गेला आणि तिथे येऊन उडाला.

"हे माझ्याकडून झालं," मी म्हणाले, आणि पूजेचं सांगितलं.

मित्र पट्टीकडे वाकले. "त्याने एकदा याच बोर्डावर चहा सांडला होता. प्रयोग चालू असताना. तुम्हाला सांगितलं नसेल."

"नाही."

"कसं सांगेल? कप तुमचा होता. फुटला तो."

बारावा फेडर आळीच्या नाटकांत कधी लागला नव्हता. त्याच्या तीन वायरी सोडवून तो काढला आणि चौथ्याच्या जागी बसवून कथलाचा डाग दिला. पहिला डाग निसटला. दुसरा बसला. दिवा लावला. दांडी मी वर नेली, अर्ध्यावर थांबवली, धरून ठेवली. उजेड हलला नाही.

नाटक त्याच बोर्डावर झालं. चौथी दांडी त्याच मित्रांनी चालवली. मी मागच्या रांगेत बसले होते.

आता बोर्डावर अकरा दांड्या आहेत. बारावीच्या जागी फट आहे, तिच्यावर मी चिकटपट्टी लावली आहे. जुना चौथा फेडर शिवणाच्या डब्यात आहे.