दातांत धरलेला पेचकस

कय्यूम मिस्तरीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा, तो बायकोच्या, अमीनाच्या बोटानं. खांद्यावर दोन टोचे बसले की तो उठायचा. हाक मारण्यात अर्थ उरला नव्हता. अडतीस वर्षं हातोडा आणि धडधडती इंजिनं यांच्या शेजारी गेली होती. उजवा कान गेला होता, डावा जायच्या वाटेवर होता.

धाड गावात ही गोष्ट पसरली आणि गिऱ्हाईक आटलं. ट्रॅक्टरचा बिघाड मिस्तरी आवाजावरून ओळखतो. ज्याला आवाजच येत नाही, त्याच्याकडं कोण जाईल? चौकात गणेशचं नवं गॅरेज झालं होतं. तिकडं रांग, इकडं कय्यूमच्या शटरसमोर शेळ्या.

त्या मंगळवारी सकाळी उत्तमरावांचा जुना ट्रॅक्टर दारात येऊन थांबला. मागोमाग मोटारसायकलवर गणेश.

"कय्यूमभाई," उत्तमराव कानाशी ओरडले, "हा गणेश म्हन्ते, गिअरबॉक्स गेला. आठ दिवस लागतीन! अन् मले परवापासून हरभरा पेराचा हाये. तुमी पाहा एकडाव."

"काका, याह्यले ऐकू तरी येते काय?" गणेश म्हणाला.

कय्यूमनं त्याचे ओठ वाचले. स्क्रू पिळायचा हातभर लांब पेचकस घेतला, क्लच ज्या लोखंडी पेटीत असतो तिच्यावर टोक टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत घट्ट धरली. हातानं खूण केली : चालू करा.

इंजिन थरथरलं. लोखंडातून मुठीत, मुठीतून दातांत, दातांतून थेट डोक्याच्या हाडात आवाज चढला. कानांचं काम पडलंच नाही. गिअर न्यूट्रल, क्लच सोडलेला : इंजिनाची सरळ धडधड, बाकी शांत. त्यानं बोट दाखवलं. उत्तमरावांनी क्लच दाबला. कर्र! दात झिणझिणले. सोडला, शांत. दाबला, कर्र! त्यानं सात वेळा दाबायला लावलं. सातही वेळा तेच.

पेचकस काढून तो ओरडला. हळू बोलणं त्याला जमतच नव्हतं. "गिअरबॉक्स ठणठणीत हाये! तो गेला असता तं क्लच सोडल्यावर वाजला असता. हा दाबल्यावर वाजते. क्लचचं बेअरिंग गेलं!"

"अन् नसलं तं?" गणेशनं हातवारे करून विचारलं.

"तं मजुरी नको. अन् उद्यापासून हे शटर उघडनार नाही."

चहा घेऊन आलेली अमीना दारातच थांबली.

जुना ट्रॅक्टर मधून फोडायचा, इंजिन एकीकडं अन् गिअरबॉक्स एकीकडं करायचा, म्हणजे कंबरेचं काम. इंजिन कलंडू नये म्हणून पुढच्या आसाला दोन्हीकडून लाकडी पाचरी, खाली जॅक, मग तारा, पाइप, आणि शेवटी बोल्ट. दोन बोल्ट गंजून बसले होते, त्यांनी तास खाल्ला. कय्यूम एकदाही बसला नाही. पंधरा-वीस माणसं जमली. कोणी जेवायला हलेना. शेवटी गणेशनंही बाह्या सारल्या आणि पाना उचलला.

"रेटा!"

चौघांनी पुढचा भाग रेटला. हातभर फट पडली. कय्यूमनं आत हात घातला, थोडा वेळ चाचपलं. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर तापून निळं पडलेलं, कोरडं बेअरिंग होतं. हलवलं तशा आतल्या गोळ्या खुळखुळल्या. सगळ्यांना ते ऐकू आलं, त्याला बोटांत कळलं.

एकच गलका झाला. गणेशनं बेअरिंग फिरवून पाहिलं. "चाचा, जितले तुमी!"

कय्यूमचं लक्ष क्लचच्या पेडलवर होतं. त्यावरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. "उत्तमराव, ट्रॅक्टर चालवताना डावा पाय कुठं ठेवता?"

"क्लचवरच. आरामात."

"तुमच्या आरामानंच हे जळलं ना, राजे!"

उत्तमरावांसकट सगळे हसले. नवं बेअरिंग बुलढाण्याहून गणेशनंच आणलं. गुरुवारी हरभरा वेळेवर पडला. मग दारात दुसरा ट्रॅक्टर आला, तिसरा आला. शेळ्यांना जागा उरली नाही.

हंगामभराच्या मजुरीतून कानाचं मशीन आलं. ते लावून कय्यूम पहिल्यांदा घरात शिरला आणि सवयीनं गरजला, "अमीना, पानी!"

"हळू बोला," ती म्हणाली. "मशीन तुमाले लागलं, मले नाही."