बालाजी हसला की पडायचा

येडशीच्या माळावर मेंढरं राखणारा बालाजी दिवसाढवळ्या कुठंही झोपायचा. काठीला टेकून, बोलता बोलता, एकदा तर भाकरीचा घास तोंडात धरून. लांडग्यानं त्याच्या उशापासून दोन कोकरं उचलली, तेव्हा थोरल्या भावानं, मल्हारनं, त्याच्या हातातली काठी काढून घेतली. मेंढक्याची काठी गेली म्हणजे अब्रूच गेली. चाळिशीतला गडी घरी बसून लसूण सोलू लागला.

आणि हाच बालाजी जोरात हसला की गुडघ्यांतून मोडून भुईवर आडवा व्हायचा. एका रविवारी खंडोबाच्या देवळात पुजाऱ्याचं धोतर सुटलं, बालाजी हसला आणि कोसळला. झालं! देव आला म्हणून लोकांनी भंडारा उधळला, नवस बोलले. माळावर आडवा झाला तर आळशी, देवळात झाला तर देव. गावाचा न्याय असा सरळ. बिचाऱ्याला सगळं ऐकू यायचं, फक्त जीभ हलायची नाही.

त्याची बायको, अयोध्या, या देवाला कंटाळली आणि त्याला सोलापूरला घेऊन गेली. डोक्याला वायरी लावून डॉक्टरांनी झोप तपासली. म्हणाले, "मेंदूत मूठभर पेशी माणसाला जागं धरून ठेवतात. यांच्या त्या मेल्यात. जागेपणाच्या दाराला कडीच उरली नाही. हसले की झोपेतला ढिलेपणा जागेपणीच अंगात शिरतो. गोळ्या घ्या, दिवसातून दोनदा ठरवून झोपा."

"मंग ह्यात आळस कुटं हाय?" अयोध्यानं विचारलं.

"कुठंच नाही."

बालाजी तिथंच हमसून रडला.

मल्हारला मात्र पटेना. "पेशीबिशी काय न्हाय. झोप ती झोपच."

पुढच्या रविवारी बालाजी देवळासमोर उभा राहिला. "ऐका, माज्यात देव न्हाय. पेशी मेल्यात."

म्हातारी दैवशालाबाई उसळली, "आरं, मंग माजं नवसाचं बोकड कुनी खाल्लं?"

ते तर सगळ्या गावानं खाल्लं होतं. बालाजी हसला आणि पडला. लगेच भंडारा उडाला.

मल्हार पहिल्यांदाच जवळ होता. तो वाकला. भावाचे डोळे अर्धे उघडे होते. "बाला, ऐकू येतंय का रं?"

त्या डोळ्यांतून पाणी आलं. मल्हारला स्वतःची लाज वाटली.

"सरका! देव न्हाय, माजा भाऊ हाय." त्यानं हातातली, मागं काढून घेतलेली काठी बालाजीच्या तळव्यात ठेवली, लुळी बोटं तिच्याभोवती मिटली आणि ती आपसूक आवळेपर्यंत धरून ठेवली.

मग मागं वळून म्हणाला, "काकू, बोकडाचं मागनं बघू. आता त्याला हसवू नका."