कुलूप मागणारे जॉबरमामा

आमचे जॉबरमामा रोज सकाळी डोळे मिटून कारखान्यात फिरायचे. यंत्रमाग दुरुस्त करणं हे त्यांचं काम, पण ते सुरू व्हायच्या आधी ही फेरी. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, हात पुढे धरून. वाटेत ज्याला धडकतील ते आधी हलायचं: सुताचं पोतं, ताण्याचं सूत गुंडाळलेला बीम, एकदा तर माझी खुर्ची. मी वडिलांच्या माघारी नुकतीच कारभार बघू लागले होते. मला वाटलं, म्हातारा नाटकं करतोय.

"धूर झाल्यावर डोळं काय कामाचं, अक्का?" ते म्हणाले. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात आग लागली, तेव्हा ते चाचपडत बाहेर पडले होते. धाकटा भाऊ आतच राहिला. हे त्यांनी एकदाच सांगितलं.

एकदा तपासणीला साहेब येणार म्हणून मी कामांची यादी केली. सगळ्यात वर भिंतींचा रंग. मामांनी यादी वाचली आणि खालून वर आकडे घालायला लागले. "आधी जीव घेणारं, मग हात तोडणारं, मग खरचटणारं. रंग शेवटी की." उघड्या वायरी बदलल्या, यंत्रांच्या फिरत्या पट्ट्यांना जाळ्या बसल्या. पण त्यांचा एक नंबर होता मागचं दार. तिथून आमचे विणलेले टॉवेल चोरीला जायचे म्हणून मी ते कुलूपबंद ठेवायची. मामांची फेरी रोज त्या कुलपाशी थांबायची. मग डोळे उघडून ते माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायची, "बघू." हट्टाला मीही काही कमी नव्हते.

ते निवृत्त झाले तेव्हा मी चांगलं मनगटी घड्याळ आणलं होतं. "घड्याळ नको, अक्का. मागच्या दाराचं कुलूप द्या." सगळ्या कामगारांसमोर! असा राग आला मला. पण नाही कसं म्हणणार? लेंग्याच्या खिशात कुलूप टाकून मामा घरी गेले. त्या दाराला दुसरं कुलूप काही मी लावलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, पुढच्या दाराजवळच्या मागाची विजेची मोटर पेटली. धुरात स्वतःचा हात दिसेना. कुणीतरी ओरडलं, "डोळं मिटा, मामावानी चला!" आणि आम्ही सगळे तसेच मागच्या दारानं बाहेर पडलो. मीसुद्धा.

संध्याकाळी मी मामांच्या घरी गेले. ते बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, पण आगीचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"सगळी भाईर आली?"

"सगळी."

"कुणाला लागलं?"

"एका बाईचा गुडघा खरचटला. दाराबाहेरची पायरी उंच आहे ना." एवढं बोलून मला रडूच फुटलं. कितीदा "बघू" म्हटलं होतं मी. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मग आता पायरी," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात पायरी बुटकी करून घेतली. ती बघायला मामा राहिले नाहीत. सकाळची फेरी आता मी मारते, डोळे मिटून. त्या पायरीवर पाय टेकला की मगच उघडते.