आत्याच्या कोरड्या कुंड्या

धाड गावच्या आत्याला फुलांचं कौतुक नव्हतं. तिचा जीव होता जाड पानांच्या झाडांवर. कोरफड, पानफुटी, जेड आणि नाव तिलाही ठाऊक नसलेली कितीतरी गुबगुबीत रोपं. फुटके कप, तुपाचे डबे, कान तुटलेली कढई, सगळ्यांत खडी मिसळलेली माती भरून ओटा अडवलेला. कुणी पाण्याचा ग्लास घेऊन तिकडे वळलं की ती आतून ओरडायची, "काऊन बे, मारून टाकतं का त्याइले?"

लग्नाला गेली तरी तिथल्या कुंडीतलं एखादं पान पदराच्या गाठीत बांधून आणायची. ते मातीवर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही, पाणी तर मुळीच नाही. पान सुरकुतलं की मला दया यायची. "राहू दे पोरी, त्याच्या मनानं मूळ फुटू दे," ती म्हणायची. आणि खरंच, काही दिवसांनी पानाच्या बुडाशी गुलाबी दोरा दिसायचा.

तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, देवभोळे. आंघोळ झाली की तुळशीला पाणी, सूर्याला पाणी, दारात आलेल्या गायीला पाणी. पाणी पाजण्याइतकं पुण्य दुसरं नाही, ही त्यांची श्रद्धा. आत्याच्या कुंड्यांजवळून मात्र बिचारे हात मागे बांधून जायचे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आत्याच्या किडन्या बिघडल्या. तिला बुलढाण्याला दवाखान्यात ठेवलं, सोबत मी राहिले. घरी मामांनी नवस केला, ती परत येईपर्यंत तिच्या प्रत्येक झाडाला रोज तांब्याभर पाणी घालायचं. गाव टँकरची वाट बघत होतं. हा माणूस अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून झाडांना पाजत राहिला. आत्या फोनवर विचारायची, "झाडं कसे हायेत?"

"मस्त हायेत. तू ये फक्त."

ती आली. जेडच्या खोडाला तिनं बोट लावलं तर बोट आत गेलं. एकही झाड वाचलं नव्हतं, ओटाभर कुजका वास होता.

"तुह्यासाठीच घातलं वं," मामा म्हणाले.

आत्या भांडली नाही. तिनं भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. ती नुसती खाली बसली आणि एकेका कुंडीतली माती उपसत राहिली.

डॉक्टरांनी तिचं पाणी मोजून दिलं होतं. जास्त झालं की अंगावर सूज यायची, दम लागायचा. मामांना आता धडा मिळाला होता. भर दुपारी आत्या हात जोडायची, "एक घोट द्या ना हो." मामा माठाच्या झाकणावर जड पेटी ठेवून ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांनी नियम एकदाही मोडला नाही. आत्या तरीही गेली. शेवटचं पाणी तोंडात घातलं, तेही ओघळून उशीवर आलं.

तेरावं झाल्यावर मी रिकाम्या कुंड्या उचलायला लागले. मामांनी हातानंच थांबवलं.

"ज्याइनं मांगतलं नाही त्याइले पाजलं, पोरी," ते म्हणाले. "अन् मांगत होती, तिले नाही देल्लं."