घोडेगावच्या बाजारातला बारा हात दोर

नजमाच्या मांडीवरचे वळ तिच्या भाभींनी पाहिले आणि आमचं घोडेगावला जायचं ठरलं.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. नगरच्या एका व्यायामशाळेत आम्ही नुकत्याच पदवीधर झालेल्या पाच-सहा जणी दोरीचा मल्लखांब शिकत होतो. त्यात गाठ मारायची नसते. कमरेला, मांडीला नुसता पेच घ्यायचा आणि त्यावर अख्खं अंग तोलायचं. आमच्या वाट्याला विहिरीवरचा जुना काथ्याचा दोर आला होता. भाभींनी बजावलं, "अजून एक वळ दिसला, की दोर बंद." आणि आमच्यात सरस होती ती नजमाच.

मी घरातली पहिली बी.ए. नवा दोर कशाचा घ्यायचा, याचा वहीत तक्ताच केला. घायपात, अंबाडी, सूत, नायलॉन. पुढे ताकद, वजन, टिकाऊपणा. नायलॉन पहिला आला.

घोडेगावच्या गुरांच्या बाजाराच्या दिवशी नजमानं आणि मी सकाळची एसटी धरली. औरंगाबाद रस्त्याने तासाभराची वाट, तिकीट दोन रुपयांच्या आत. शिंगं रंगवलेले बैल रस्त्याच्या कडेनं बाजारालाच निघाले होते. उतरल्यावर आधी चहा आणि गरम भजी उरकून घ्या. आत शिरलं की धुळीपुढे कशालाच चव राहत नाही.

लिंबाखाली एक म्हातारी दोर मांडून बसली होती.

"गाय का बैल?" तिनं विचारलं.

"माणूस," नजमा म्हणाली.

"नवरा पळतोय व्हय?"

हसू आवरून मी सगळं समजावलं आणि तक्ता वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकला.

"लई ब्येस. आन कातडं कुठं लिवलंय ह्यात?"

मी तक्त्यावर पुन्हा बोट फिरवलं; तसा रकानाच नव्हता.

"बाही वर कर. डोळं मीट."

एकेक दोर तिनं माझ्या मनगटाला गुंडाळून ओढला. घायपातानं ओरबाडलं. अंबाडी टोचली. "वापरून मऊ पडती ही, पर तुमाला तेवढा दम न्हाई." तिसरा गुळगुळीत लागला, तो नायलॉन हे मी लगेच ओळखलं. तिनं झटका दिला आणि मनगट भाजल्यासारखं चरचरलं. चौथा सुताचा. त्यानं धरून ठेवलं, पण चावला नाही.

"वासराच्या मानंला आमी ह्योच घालतो," ती म्हणाली. "पर सूत ताण खातं, लांबतं. चार दिस वझं टांगा, मंग माणूस."

बारा हात जाड दोर तिनं तिथंच वळला. दुसऱ्या टोकाला नजमा पीळ देत उभी. परतीच्या गाडीत ते वेटोळं मांडीवर बघून कंडक्टर म्हणाला, "ताई, म्हैस मागं ऱ्हायली का काय?" हिसक्यांमध्येच मी वहीत एक वाकडा रकाना आखला: कातडं.

चार दिवस वाळूचं पोतं टांगलं. पाचव्या दिवशी भाभी स्वतः आल्या. नजमा वर गेली, मांडीला पेच घेतला, दोन्ही हात सोडले. खाली आल्यावर भाभींनी तिला आडोशाला नेऊन पाहिलं. पुसटशी लाली होती, चहा होईपर्यंत तीही गेली.

 भाभी दोराजवळ गेल्या, बाही वर सारली, मनगटाला पेच घेऊन ओढून पाहिला. डोळे मिटून. म्हातारीची ही रीत आम्ही त्यांना सांगितलीच नव्हती.

"उद्या किती वाजता?" त्यांनी नजमाला विचारलं.

दोर कधीच विरून गेला. वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या रकान्यात सुतापुढे मी काहीच लिहिलेलं नाही. पान उघडलं की हात आपोआप मनगटाकडे जातो.