भोंगा कुणाला ऐकू गेला

शेवटच्या वर्षाला कॉलेजने सगळ्यांना कुठे ना कुठे कामाचा अनुभव घ्यायला धाडलं. मैत्रिणी पुण्याला जाऊन एसीत बसल्या. माझ्या वाट्याला आलं आमच्या महाडचंच एक सरकारी माहिती-तंत्रज्ञान कार्यालय, खडखडणारा पंखा आणि प्रिंटरला कागद घालायचं काम. पहिल्या दिवशी तोंड वाकडं करूनच गेले, खोटं कशाला बोलू.

बाबांना मात्र आकाश ठेंगणं झालं. ते वीर स्टेशनवर रिक्षा चालवतात. गाडीतून उतरलेला माणूस सीटवर नीट टेकायच्या आत त्याला सांगायचे, "माझी पोरगी सरकारच्या कॉम्प्युटर हापिसात हाय." मग कुणी रेशनकार्ड घेऊन यायचं, कुणी बंद पडलेला मोबाईल, आणि थेट मलाच शोधायचं. साहेब म्हणायचे, "तुझ्या बाबांनी रिक्षात आपली शाखाच काढलीये." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

खरं काम आलं मे महिन्यात. पुराचा नि दरडीचा इशारा द्यायला गावोगाव भोंगे बसवले होते, वर पोलादपूर-वरंधकडे आणि खाली सावित्रीच्या काठाने. आमच्या खोलीतल्या संगणकावर बटण दाबलं की सगळे एकदम वाजणार. ज्या गावापुढे हिरवा ठिपका लागेल ते गाव झालं, असा हिशोब. सगळं हिरवं झालं की साहेब अलिबागला अहवाल पाठवणार आणि माझ्या प्रमाणपत्रावर सही करणार.

दासगावच्या पुढे नदीलगतच्या वाडीत माझी आत्या राहते. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. लकवा मारल्यापासून ते खाटेवरच असतात. पाणी चढायला लागलं की शेजारपाजारच्यांना गोळा करून त्यांना खाटेसकट वर न्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. भोंगा वेळेत ऐकू आला तर मामा वर पोचणार. नाही आला तर पुढचं मला बोलवत नाही.

चाचणीच्या सकाळी मी बाबांना म्हटलं, तुमच्या रिक्षावाल्यांना सांगा, जिथे असाल तिथून भोंगा ऐकला का ते ग्रुपवर टाका. बटण दाबलं. भराभर ठिपके हिरवे झाले आणि बाबांच्या ग्रुपवर 'वाजला', 'वाजला' सुरू झालं. दासगावच्या हमरस्त्यावरूनही 'वाजला' आलं. साहेब खूश झाले. मी सहज आत्याला फोन लावून विचारलं, भोंगा ऐकलास का.

"वाजला का गो?" ती म्हणाली. "कधी? मी तर दारातच तांदूळ निवडतेय."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हिरवं दिसतंय, रस्त्यावरच्यांनी ऐकलंय. आणखी काय हवंय तुला?"

"साहेब, हिरवं म्हणजे मशीनला निरोप पोचला. वाडीतल्या माणसांना पोचला नाही."

"तू इथे शिकायला आलीस की आम्हाला तपासायला?"

माझं डोकं सटकलं. पण सही त्यांच्या हातात होती, म्हणून गप्प बसले आणि घरी येऊन धुसफुसत राहिले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता म्हणतील, साहेबाच्या तोंडी लागू नकोस. ते म्हणाले, "सही नाय मिळाली तर नाय. तोंड हाय ना तुला? बोल उद्या."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले. "अहवालात ती वाडी झाली असं लिहिणार असाल तर प्रमाणपत्रावर तुमची सही नको मला. नाही तर एकदा चला, तिथे उभे राहून बघा." साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मेकॅनिकला बोलाव. आणि तुझ्या बाबांना म्हणावं, रिक्षा काढा."

जाऊन बघतो तर दासगावच्या शाळेच्या छपरावरचे भोंग्याचे सगळे कर्णे हमरस्त्याकडे तोंड करून बसवलेले. वाडी राहिली त्यांच्या पाठीमागे, उताराखाली. साहेब स्वतः आत्याच्या दारापर्यंत उतरले, मामांची खाट बघितली आणि वर येऊन मेकॅनिकला शिडी लावायला सांगितलं. मेकॅनिकने दोन कर्णे नदीकडे वळवले. बाबा खाली उभे राहून शिडी धरत होते आणि रस्त्याने जाईल त्याला सांगत होते, हे आमच्या पोरीनं शोधलं. या खेपेला मला लाज वाटली नाही. अभिमानच वाटला, त्यांचाही आणि माझाही.

कार्यालयात परतल्यावर साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "दाब तूच." मी आत्याला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि बटण दाबलं. दासगावचा ठिपका हिरवा झाला. मी तिकडे बघितलंही नाही.

फोनमधून आधी काहीच नाही. मग तो आवाज आला, लांबून, पण स्वच्छ. आत्याने फोन दाराबाहेर धरला होता. "ऐक गो," ती म्हणाली, "तुझा भोंगा."

मागे मामा काहीतरी पुटपुटले. त्यांचं बोलणं आता फक्त आत्यालाच कळतं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, कान किटले, बंद करायला सांग तिला."

मी मुद्दाम आणखी थोडा वेळ वाजू दिला.